बुलेटसाठी नक्षीकाम केलेली लेदर सीट घरी बनवायची तर: गोव्याच्या हवेचा हिशोब धरून सगळ्या स्टेप्स

यूट्यूबवर लेदर सीटचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि त्यातले बरेचसे चांगलेच आहेत, पण ते सगळे कोरड्या हवेतले. अमेरिकेत वायोमिंगमध्ये शेरिडन नावाचं गाव आहे, तिथली घोड्याच्या खोगिरावरची गोल गोल फुलांची नक्षी जगभर कॉपी होते, पण तिथला माणूस सीट बनवतो तेव्हा त्याला बुरशीचा विचार करावा लागत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, कपाटातला बेल्टसुद्धा हिरवा पडतो, तर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या सीटचं काय होणार. म्हणून माझा पहिला नियम असा की सीट चार नट काढून दहा मिनिटांत उतरवता आली पाहिजे, जूनमध्ये ती घरात आणि गाडीवर कंपनीची रेक्झिनची सीट. हे आधी मान्य करा, मग पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

इथे मी सिंगल, स्प्रिंगवाली सीट धरून सांगतोय, बुलेट किंवा क्लासिकवर बसते तशी. डबल सीटला काम तेच, फक्त चामडं जास्त लागतं आणि चुकायला जागा जास्त.

गाडी आणि पॅन

चेसिसला ग्राइंडर लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत केलेला फेरफार बसत नाही, आणि आरसीवर दोघांची सीट लिहिलेली असताना एकच सीट टाकून फिरणार असाल तर आरटीओत आधी विचारून घ्या. जे काही बनवाल ते आहे त्या भोकांवर नट-बोल्टने बसेल असंच बनवा, म्हणजे मूळ सीट कधीही परत लावता येते.

पॅनसाठी, म्हणजे सीटखालच्या पत्र्याच्या तळासाठी, आधी जाड पुठ्ठ्याचा फर्मा कापा. मागे १० ते ११ इंच रुंद, लांबी १३ इंचाच्या आसपास, पुढचं नाक ४-५ इंच, यापासून सुरुवात करून त्यावर बसून बघा आणि मांडीला जिथे कोपरा टोचतो तिथे कापत जा. मग २ एमएमचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) पत्रा, फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याच आकारात कापून, मधे थोडा खोलगट ठोकून घ्यायचा. कडा फाइलने पूर्ण गोल करा, धारदार कड आतून चामडं कापते आणि ते बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खालच्या बाजूला ८ एमएमचे स्टड वेल्ड करा, आणि सगळ्यात खोलगट भागात ६ एमएमची चार-पाच भोकं पाडा, पाणी खाली जायला. ही भोकं बहुतेक लोक विसरतात.

आता महत्त्वाचं. ओलं व्हेज-टॅन (झाडाच्या सालीत कमावलेलं) चामडं आणि उघडं लोखंड एकमेकांना लागले की चामडं निळं-काळं पडतं. चामड्यात झाडाच्या सालीतलं टॅनिन असतं, ते लोखंडाशी मिळून काळी शाईच तयार होते, जुन्या काळी शाई अशीच बनवायचे. त्यामुळे पॅनला पावडर कोटिंग, नाहीतर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर पेंट, हे चामडं आणायच्या आधी. रिव्हेट तांब्याचे किंवा पितळेचे, नट-वॉशर स्टेनलेस. आणि डिचोली-सांग्याकडच्या मित्रांनी ही गोष्ट जास्तच लक्षात ठेवा, आपली लाल माती म्हणजे लोहच आहे, ओल्या चामड्यावर ती धूळ बसली की बारीक काळे ठिपके उठतात. काम करताना टेबल पुसलेलं, हात धुतलेले, हातातली लोखंडाची कडी-अंगठी काढलेली. डाग पडलाच तर लिंबाचा रस पाण्यात मिसळून कापसाने लावा, लगेच लावला तर बराचसा जातो, मग साध्या पाण्याने पुसून घ्या.

चामडं कुठलं

नक्षी फक्त व्हेज-टॅन चामड्यावर उठते. क्रोम-टॅन, म्हणजे सोफ्याचं आणि जॅकेटचं मऊ चामडं, त्यावर कितीही ठोका, तासाभरात छाप परत वर येतो. दुकानदार "सर, प्युअर लेदर" म्हणेल, त्यात काही अर्थ नाही, प्युअर तर दोन्ही असतात. कापलेली कड बघा: व्हेज-टॅनची कड आतपर्यंत तपकिरी, क्रोमची बऱ्याचदा निळसर-राखाडी. पाण्याचा थेंब टाका, व्हेज-टॅन तो पिऊन टाकतं आणि तिथे गडद होतं. ओल्या जागी नख दाबा, खूण राहिली पाहिजे. कतरण मिळाली तर जाळून बघा, क्रोमची राख हिरवट निघते.

आपल्याला जवळचं म्हणजे कोल्हापूर. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, म्हणजे व्हेज-टॅनच, चोर्ला नाहीतर आंबोली घाटातून गाडीवर जाऊन हाताने चाचपून आणता येतं. पण ते जरा खरखरीत, पृष्ठभाग एकसारखा नसतो, त्यामुळे ठळक डिझाइनला बेस्ट, बारीक फुलाला नाही. बारीक कामाला तामिळनाडू किंवा कोलकात्याकडचं गुळगुळीत व्हेज-टॅन ऑनलाइन मागवावं लागतं. जाडी वरच्या तुकड्याला ३ ते ३.५ एमएम, खालच्याला २ एमएम पुरे. जनावराच्या पाठीचा किंवा मागच्या पुठ्ठ्याकडचा भाग मागा. पोटाकडचं स्वस्त मिळतं पण ते ताणतं, दोन महिन्यांत सीटला पोट सुटतं. एका सिंगल सीटला चार-पाच स्क्वेअर फूट घ्या, कारण गोचिडाचे डाग आणि जखमेच्या खुणा टाळून कापावं लागतं.

फोम

गादीचा साधा स्पंज अजिबात नको, तो पाणी पितो आणि चामड्याखाली ओला स्पंज म्हणजे बुरशीची नर्सरी. बंद पेशींचा फोम घ्या, ईव्हीए किंवा निओप्रीन, १० ते १२ एमएमचा. पॅनवर रबर सोल्युशनने चिकटवा, कडा खाली उतरत्या तासा, आणि पॅनच्या भोकांच्या बरोबर वर फोमलाही भोकं. फोम जाड केला तर सीट जास्त आरामात होईल असं वाटतं, पण स्प्रिंगवाल्या सीटला आराम स्प्रिंग देतात, जाड फोमवर नक्षीचं चामडं प्रत्येक खड्ड्यात वाकतं आणि चिरांच्या तळाशी तडकायला लागतं. आपल्याकडच्या खड्ड्यांबद्दल वेगळं काय सांगू.

फर्मा आणि पहिलं मोल्डिंग

फोम बसवलेल्या पॅनवर क्लिंग फिल्म गुंडाळा, वर मास्किंग टेप आडवी-उभी चिकटवून पूर्ण कवच करा, मधली रेघ पेनाने मारा, मग टेप कापून सपाट करून पुठ्ठ्यावर उतरवा. चामड्यावर आखताना चारी बाजूंनी दीड इंच जास्त ठेवा.

तुकडा कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा. पॅनवर अंथरून मधून कडेकडे तळहाताने दाबत न्या, नखं लावू नका, ओल्या चामड्यावर नखाची प्रत्येक खूण कायमची. कडेला खाली ओढून प्लॅस्टिकच्या क्लिपा लावा, लोखंडी क्लिप असेल तर मधे कापडाची चिंधी. सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. उन्हात ठेवलं की कडक होऊन आखडतं. एप्रिलमध्ये एका दिवसात वाळतं, पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात आणि त्यात वास धरतो, म्हणूनच हे काम नोव्हेंबर ते मे मध्येच काढा असं माझं मत.

वाळल्यावर काढायच्या आधी पॅनच्या कडेची रेघ चामड्यावर उमटवून घ्या. त्या रेघेच्या बाहेर १५ एमएमची पट्टी मोकळी सोडायची, ती शिलाईची जागा, नक्षी रेघेच्या आत.

डिझाइन, आणि काय काढायचं नाही

देवाचं काही काढू नका. गणपती, ओम, महाराजांची राजमुद्रा, क्रॉस, सगळ्याची डिमांड असते आणि लोक हौसेने मागतात, पण शेवटी त्यावर बसायचंय हे त्यांच्या लक्षातच येत नाही. मी सरळ सांगतो, टाकीला स्टिकर लाव, सीटवर नाही.

दुसरं, जिथे बूड टेकतं तिथे खोल नक्षी टिकत नाही आणि टोचते पण. मधे साधं ठेवा किंवा बास्केटवीव्हचा (टोपलीच्या विणीसारखा) हलका छाप, आणि खरं काम नाकावर, कडेच्या पट्ट्यावर आणि मागच्या उठावावर.

शेरिडनची फुलं छानच दिसतात, पण आपल्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला बघितलीय का? चुन्याच्या पांढऱ्या थरावर लाल मातीच्या रंगाचा थर देऊन तो खरवडून आतलं पांढरं उघडं करायचं, दोनच रंग, स्वच्छ रेघा, वेली, कमळं, जाळीची बॉर्डर. चामड्यावर हे फार मस्त उतरतं कारण तंत्र जवळजवळ तेच, कापायचं, एक बाजू खाली बसवायची आणि दोन रंगांत वेगळं दाखवायचं. वेलीची आणि जाळीची बॉर्डर घ्या, मूर्ती सोडा, वरचा नियम आहेच. अबोली, काजूचं पान-बोंड, सुरंगी, हेही चालतं. रेघा एकमेकींना चिकटवू नका, निदान ४ एमएम अंतर, नाहीतर बेव्हलर, म्हणजे चिरेची एक बाजू खाली बसवायचं टूल, मधे घुसत नाही.

टूलिंग

इथे घाई करायची नाही. आधी चामडं परत ओलं करायचं, पण या वेळी वेगळ्या पद्धतीने: दोन्ही बाजूंनी स्पंजने पाणी द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी काढून उघडं ठेवा. वरचा रंग मूळ रंगाकडे यायला लागला पण गालाला लावल्यावर अजून थंड लागतंय, तेव्हा ते तयार. आपल्याकडे पिशवीत दोन रात्री ठेवू नका, दुसऱ्या दिवशी बुरशीचा पांढरा तवंग दिसेल. मोल्ड केलेला तुकडा या ओलाव्यात परत बऱ्यापैकी सपाट होतो, काळजी नको. मागच्या बाजूला ब्राउन पॅकिंग टेप आडवी-उभी चिकटवा, नाहीतर ठोकून ठोकून चामडं पसरतं आणि फर्म्याला बसत नाही.

खाली ग्रॅनाइट. किचनच्या ओट्याचा कापलेला तुकडा मार्बलवाल्याकडे असाच पडलेला असतो, १८-२० एमएम जाड, फुकट नाहीतर चहाच्या पैशात मिळतो. त्याखाली रबरची चटई, शेजाऱ्यांसाठी.

डिझाइन ट्रेसिंग फिल्मवर काढून बोथट टोकाने चामड्यावर गिरवा. साधा ट्रेसिंग पेपर ओलाव्याने लगेच वळतो. मग स्विव्हल नाइफ, म्हणजे नक्षीच्या रेघा कापायची फिरती सुरी. तर्जनी वरच्या दांड्यावर, अंगठा आणि दोन बोटं खालचा भाग फिरवणार, सुरी आपल्याकडे ओढायची आणि वळणावर बोटांनी फिरवायची, मनगट नाही. खोली जाडीच्या साधारण एक तृतीयांश, सीटला त्याहून जास्त नकोच, रोज वाकणारं चामडं खोल चिरेतून फाटतं. पातं दर दहा मिनिटांनी पुठ्ठ्यावर ग्रीन कंपाउंड घासून त्यावर ओढा. सुरी अडखळली की लोक जोर लावतात, तिथे जोर नाही, धार हवी असते. मोच्याकडची रापी (चामडं कापायचं हत्यार) बाहेरची कड कापायला एक नंबर, पण नक्षीला ती चालत नाही.

मग बेव्हलर, आणि सगळं काम इथेच ठरतं. टूलचं उभं टोक चिरेत, तिरका चेहरा जी बाजू खाली बसवायची तिकडे. टूल चिरेला टेकवलेलं पण दाबलेलं नाही, नायलॉनच्या हातोडीने हलके पटपट ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला टूल अर्ध्याहून कमी सरकवायचं, म्हणजे छाप एकमेकांवर चढतात आणि पायऱ्या दिसत नाहीत. ओलावा बरोबर असेल तर ठोक्याचा आवाज भरीव येतो आणि दाबलेली जागा आपोआप भाजल्यासारखी गडद तपकिरी होते, तो रंग दिसला की समजा जमलं. ओलावा जास्त असेल तर टूलभोवती पाणी चमकतं, छाप लिबलिबीत होतो आणि रंग येतच नाही, अशा वेळी उठा, चहा प्या, अर्ध्या तासाने बसा. कोरडं पडलं तर छाप फिकट आणि उथळ, स्पंज फिरवायचा, पण पूर्ण तुकड्यावर, एकाच जागी पाणी टाकलं तर तिथे डाग राहतो.

पुढचं भराभर: पेअर शेडरने पाकळ्यांच्या पोटात खळगे, व्हेनरने पानांच्या शिरा, सीडरने मधले दाणे, बॅकग्राउंडरने मधल्या मोकळ्या जागा खाली बसवायच्या, आणि शेवटी स्विव्हल नाइफने सजावटीचे हलके कट. बॅकग्राउंड एकाच खोलीवर बसलं की काम प्रोफेशनल दिसतं, फुलं थोडी वाकडी असली तरी चालून जातात.

संपल्यावर मागची टेप काढा आणि चामडं अजून किंचित ओलं असतानाच पॅनवर परत बसवून वाळू द्या. या वेळी नक्षीवर हात फिरवायचा नाही, फक्त मोकळ्या पट्टीवर ओढायचं.

रंग

पूर्ण वाळल्याशिवाय रंग नाही, दोन दिवस धरा. बॅकग्राउंडला स्पिरिट डाय बारीक ब्रशने, ब्रश जवळजवळ कोरडा, कारण डाय चिरेपलीकडे झिरपतो. कावीसारखं हवं असेल तर बॅकग्राउंड विटकरी-लाल आणि फुलं चामड्याच्या मूळ रंगात. मूळ रंगाच्या भागावर ॲक्रिलिक रेझिस्टचे (रंग आत शिरू न देणाऱ्या द्रवाचे) दोन हात द्या, वाळवा, मग वर ॲन्टिक पेस्ट चोळून लगेच पुसा, पेस्ट चिरांत राहते आणि नक्षी उठून येते. डाय पातळ करायला आयसोप्रोपिल किंवा डिनेचर्ड स्पिरिट. हुर्राक (काजूची हलकी दारू) चालेल का असं विचारणारे भेटतात, नाही चालणार, त्यात बहुतेक पाणीच असतं, फेणीतही अर्ध्याहून जास्त पाणी, ती दुसऱ्या कामाला ठेवा.

पूर्ण काळी सीट टाळा. मे महिन्यात हणजूणच्या पार्किंगमध्ये दोन तास उभ्या गाडीच्या काळ्या सीटवर शॉर्ट्स घालून बसून बघा, मग कळेल. टॅन रंग उन्हात आणखी छान पिकत जातो.

रंग वाळल्यावर सुक्या सुती कापडाने घासत राहा, कापडाला रंग लागायचा थांबेपर्यंत. मग ओल्या पांढऱ्या कापडाने एकदा घासा. त्यावर रंग आला तर तो उद्या कोणाच्या तरी पांढऱ्या पँटवर येणार.

फिनिश

नीट्सफूट ऑइलचा (चामड्याला लावायच्या तेलाचा) एकच पातळ हात, लोकरीच्या तुकड्याने, आणि एक रात्र मुरू द्या. जास्त तेल म्हणजे चामडं मऊ पडून नक्षी बसते आणि आपल्या हवेत तेलकट चामड्यावर बुरशी आधी येते. घरचं खोबरेल नको, ते चामडं काळपट करतं. मग ॲक्रिलिक फिनिश निम्म्यास निम्मं पाणी घालून, दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. जाड हात दिला तर चिरांत पांढरा साका बसतो आणि वाकल्यावर सोलतो. मागच्या बाजूलाही एक हात द्या, ओलावा खालून पण येतो. शेवटी मधमाशीच्या मेणाचं पॉलिश. यानेसुद्धा सीट वॉटरप्रूफ होत नाही हां, सरीपुरती सांभाळते एवढंच.

शिलाई

वरचा तुकडा, मधे फोमसकट पॅन, खाली २ एमएमचा तुकडा, स्टडसाठी आणि पाण्यासाठी भोकं पाडलेला. कडेपासून ५-६ एमएम आत रेघ, ६ एमएमच्या अंतराने भोकं, वरच्या आणि खालच्या तुकड्याची भोकं मोजून सारखी. नाक आणि मागचा मध्य इथून खुणा सुरू करा, म्हणजे फरक पडला तर दोन्ही बाजूंना वाटला जातो. वाकणाऱ्या कोपऱ्यात खालच्या तुकड्याची भोकं थोडी जवळ घ्यावी लागतात.

डबल लूप लेसिंग (कडेभोवती चामड्याची बारीक पट्टी गुंफणं) सगळ्यात भारी दिसतं आणि कड झाकली जाते, पण लेस कडेच्या लांबीच्या सात-आठ पट लागते, आधी मोजून घ्या. बकरीच्या चामड्याची ३-४ एमएमची लेस पुरते. लेस नको असेल तर १ एमएमचा मेण लावलेला पॉलिस्टरचा दोरा, दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर, म्हणजे एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. सुती दोरा इथे कुजतो. मोच्याकडे द्यायचं तर त्याला आधी सांगा की आरीने भोक मोठं करू नको, तयार भोकातूनच शिव.

बसवणं आणि पावसाळा

स्प्रिंगवर सीट बसवल्यावर मडगार्डवर कणकेचा गोळा ठेवा, गाडीवर धपकन बसा, उतरून गोळा किती चपटा झाला बघा. पूर्ण दबल्यावर निदान २५ एमएम जागा राहिली पाहिजे, नाहीतर पॅन मडगार्डवर आपटणार. सीटखाली वायरिंग घासत नाही ना तेही याच वेळी तपासा. नायलॉक नट वापरा, शंभरेक किलोमीटरनंतर सगळे एकदा आवळा, नवीन चामडं आणि फोम दबून सैल होतात.

किनाऱ्याला राहत असाल तर खारा वारा असतोच, आठवड्याला एकदा ओल्या कापडाने पुसून, सुकवून, दोन महिन्यांनी मेण. गाडी झाकायला प्लॅस्टिकचं कव्हर नको, आत वाफ धरते, कापडी कव्हर घ्या. अवेळी पावसात भिजली तर पुसून सावलीत, हेअर ड्रायर लावायचा नाही.

मृगाच्या आधी सीट काढा, पुसा, दोन दिवस पंख्याखाली, मेणाचा हात, आणि जुन्या सुती चादरीत गुंडाळून, माळ्यावर न टाकता, माणसं वावरतात त्या खोलीत उघड्या शेल्फवर ठेवा. ट्रंकेत किंवा पिशवीत बंद केली की श्रावणात हिरवी निघते. बुरशी आलीच तर बाहेर नेऊन सुक्या ब्रशने झाडा, घरात झाडू नका, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडाने पुसा, वाळवा, परत मेण. स्टडच्या आट्यांना ग्रीस लावून ठेवा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये नट चढत नाही. दसऱ्याला गाडीची पूजा असतेच, त्याच्या आदल्या आठवड्यात सीट परत चढवायची आणि पूजेच्या वेळी हळद-कुंकू सीटवर न लावता हँडलला लावायला सांगायचं, हळदीचा डाग व्हेज-टॅनवरून निघत नाही.